अब्बांचा फायरफॉक्स

२०२४ची बकरी ईद सोमवारी आली होती. दुपारची जेवणं उरकली, मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला आणि आपा म्हणाली, "अब्बांचा तो मुशायरा लाव ना. शेवटी शेवटी रोज ऐकायचे, तो." आपा म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याला असते. अब्बा गेल्यानंतरची ही पहिली बकरी ईद. सकाळपासून घरात सगळेच जपून बोलत होते. कुणीतरी त्यांचं नाव काढलं याचंच बरं वाटलं.

मी लॅपटॉप आणला. त्यात अब्बांचं स्वतंत्र खातं आहे. पासवर्ड मीच ठेवून दिला होता, कारण ते विसरायचे. आत शिरलो. पडद्यावर त्यांनी लावलेलं चित्र तसंच होतं. डावीकडच्या पट्टीतून फायरफॉक्सचं चिन्ह मात्र गायब होतं. शंका तेव्हाच यायला हवी होती. मेन्यूत शोधलं, सापडलं, क्लिक केलं. आणि फायरफॉक्स असा आला जणू या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकतोय. स्वागताचं पान. वरची बुकमार्कची पट्टी रिकामी. उघडे टॅब नाहीत. मागचा इतिहास नाही. अब्बांनी दीड वर्षात गोळा केलेलं काहीच नाही.

"काय झालं?" आपानं विचारलं.

"नेट स्लो आहे," मी म्हणालो. ईदच्या दिवशी, थोरल्या बहिणीशी खोटं.

खरी गोष्ट अशी की काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. अठरा दिवसांपूर्वी मी या लॅपटॉपवरचा जुना फायरफॉक्स काढून नवा बसवला होता. माझ्या खात्यातले बुकमार्क आधी काळजीपूर्वक एका फाइलीत उतरवून घेतले होते. माझ्या खात्यातले. अब्बांच्या खात्यात जाऊन बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. मला वाटत होतं की मी माझं घर झाडतोय.

आता थोडं मागं जावं लागेल. आधी लॅपटॉपबद्दल, मग अब्बांबद्दल.

लॅपटॉप २०१४चा, विंडोज ७वाला. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७चा आधार संपला, तरी मी दोन वर्षं तो तसाच रेटला. मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्याकडे प्रश्नपत्रिका म्हणजे इनपेज आणि इनपेज म्हणजे विंडोज, हे समीकरण इतकं घट्ट आहे की दुसरं काही असू शकतं हे मनातच येत नाही. २०२२च्या उन्हाळी सुट्टीत आपाची मुलगी आली. पुण्याला इंजिनीअरिंग करते. तिनं लॅपटॉप सुरू केला, तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन झाला, आणि ती म्हणाली, "मामू, याच्यावर उबुंटू टाकू?" मी म्हटलं टाक, तसाही भंगारात जाणार. नुकतीच २२.०४ ही आवृत्ती आली होती. तिनं ती बसवली, मला एक खातं करून दिलं, आणि नानांना म्हणजे माझ्या अब्बांना दुसरं. "नानांना त्यांचं घर वेगळं. तुम्ही एकमेकांचं काही उचकटू नका."

अब्बा कातिब होते. मराठी वाचकाला हा शब्द नवा असेल. उर्दू छापायला आधी खिळे नव्हते असं नाही, पण नस्तालिक लिपी खिळ्यांत नीट बसत नसे. तिच्यात अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, शब्द उजवीकडून डावीकडे जाताना उतारावरून खाली घसरतो आणि नुक्त्यांना जागा शोधावी लागते. म्हणून उर्दूची वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नाचे रुक्के हे सगळं माणसं हातानं लिहायची, आणि ते लिहिलेलं पान छापलं जायचं. अब्बांनी ते काम पंचवीसेक वर्षं केलं. बोरू तासण्याचा त्यांचा एक खास चाकू होता, त्याला आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी जवळपास २० हजार जोडअक्षरी तुकडे हातानं लिहून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी 'नूरी नस्तालिक' तयार केलं आणि १९८१मध्ये 'जंग' हे दैनिक त्याच्यावर निघू लागलं. आमच्याकडे ती लाट पोचली ती १९९४ला इनपेज आल्यावर. मग चार-पाच वर्षांत कातिबांची कामं गेली. अब्बांनी पुढं एका दुकानात हिशेब लिहिले. संगणकाचा विषय निघाला की ते उठून नमाजला तरी जायचे किंवा पाणी प्यायला तरी.

तर अशा माणसासमोर मी २०२२मध्ये लॅपटॉप ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, छापील बारीक अक्षर वाचवत नव्हतं. पडद्यावर अक्षर मोठं करता येतं एवढंच त्यांना दाखवायचं होतं. एक उर्दू पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "बेटा, ये तो नस्ख़ है. उर्दू कहाँ है?"

नस्ख म्हणजे अरबीची सरळ रेषेतली लिपी. कुराण त्यात असतं, संगणकही उर्दू बहुधा त्यातच दाखवतो. वाचता येतं, पण उर्दूवाल्याला ते परक्याच्या घरात जेवल्यासारखं लागतं. इथून माझा लिनक्सचा खरा अभ्यास सुरू झाला. मी नस्तालिक फॉन्ट उतरवले आणि माझ्या खात्यात बसवले. माझ्याकडे सुंदर दिसू लागलं. अब्बांच्या खात्यात गेलो तर पुन्हा नस्ख. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी भाचीनं फोनवर विचारलं, "फॉन्ट कुठे ठेवलेत?"

कुठे ठेवलेत म्हणजे काय? बसवले म्हणजे बसवले.

"नाही मामू. तुमच्या होमच्या आत लपलेलं '.लोकल' नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या 'शेअर'मधल्या 'फॉन्ट्स'मध्ये ते गेले. ते फक्त तुमचे. सगळ्यांना हवे असतील तर '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स'मध्ये टाका. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल."

विंडोजमध्ये मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथं सेटअप चालवला की तो स्वतःच विचारतो, कुठे बसवू, आणि 'प्रोग्राम फाइल्स' असं स्वतःच सुचवतो. आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो. लिनक्स विचारत नाही. ते एकाच वस्तूचे भाग ठरलेल्या जागी वाटून टाकतं. चालवायची फाइल '/यूएसआर/बिन'मध्ये, तिला लागणारा पसारा '/यूएसआर/लिब'मध्ये, चिन्हं आणि फॉन्ट '/यूएसआर/शेअर'मध्ये, सगळ्यांना लागू होणारी सेटिंगं '/ईटीसी'मध्ये. आणि तुमचं जे काही आहे, बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, ते तुमच्या होममध्ये, बहुतेक वेळा नावाआधी टिंब असलेल्या फोल्डरमध्ये, म्हणजे साध्या नजरेला न दिसणारं. फाइलींच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबलं की ही मंडळी बाहेर येतात. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा वाड्यातल्या माळ्यावर चढल्यासारखं वाटलं.

या 'यूएसआर'ची एक गंमत आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं तेव्हा 'यूएसआर'मध्ये माणसांची होम फोल्डरं असत, नावच त्यावरून. पुढं पहिली डिस्क भरली, आणि मावेनासे झालेले प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, माणसांच्या शेजारी नेऊन ठेवले. नंतर माणसं उठून 'होम'मध्ये गेली आणि प्रोग्राम तिथंच राहिले. पन्नास वर्षं झाली, पाहुणे घरात आहेत आणि दारावर पाटी अजून मालकाचीच आहे.

फॉन्ट जागेवर गेले. पुढचा प्रश्न ब्राउझरचा. शाळेची ऑनलाइन कामं, शिष्यवृत्तीचे अर्ज वगैरे यासाठी सगळे क्रोम वापरतात, मीही वापरतो. क्रोमची फाइल उतरवून बसवली की तो स्वतःचं बिऱ्हाड '/ऑप्ट'मध्ये 'गूगल' नावाच्या फोल्डरात मांडतो आणि आपल्या अपडेटचा पत्ताही सिस्टिमच्या वहीत लिहून ठेवतो. म्हणजे पुढं सगळ्यांबरोबर त्याचंही अपडेट येत राहतं. वागायला सरळ आहे. पण अब्बांसाठी तो चालेना, आणि याचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं.

एसआयएल या संस्थेनं २०१७मध्ये 'अवामी नस्तालिक' नावाचा फॉन्ट फुकट उपलब्ध करून दिला. त्याची अक्षरं कशी जुळायची, कुठला नुक्ता कुठे सरकायचा, दोन शब्दांत किती जागा सोडायची, याचे नियम ग्रॅफाइट नावाच्या तंत्रात लिहिलेले आहेत. फायरफॉक्सला ग्रॅफाइट कळतं, लिब्रेऑफिसलाही कळतं. क्रोमला कळत नाही, त्यामुळे क्रोममध्ये अवामीची अक्षरं विस्कटतात. क्रोममध्ये नस्तालिक हवं तर गूगलचा नोटो नस्तालिक आहे, तोही वाईट नाही. शिवाय फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये लिपीनुसार फॉन्ट ठरवता येतो आणि 'पानांना त्यांचे स्वतःचे फॉन्ट वापरू द्या' ही खूण काढूनही टाकता येते. ती काढली की जगातलं कुठलंही उर्दू पान तुम्ही ठरवलेल्या फॉन्टात येतं. काही ठिकाणी बटणांवरची चित्रं जाऊन तिथं चौकोन दिसतात, पण अब्बांना बटणांशी काय देणंघेणं?

मी दोन्ही ब्राउझरमध्ये एकच पान शेजारी शेजारी उघडलं. क्रोममध्ये नोटो, फायरफॉक्समध्ये अवामी. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग फायरफॉक्सवर बोट ठेवून म्हणाले, "इसका कातिब कुछ सीखा हुआ है. नुक्ते एक दूसरे पर गिरते नहीं." पुढं जरा थांबून, "मगर हाथ सख़्त है."

कुठल्याही संगणकाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. त्यांचा ब्राउझर ठरला.

पुढचं दीड वर्ष दुपारी दोन ते चार तो लॅपटॉप त्यांचा. बुकमार्क करायला त्यांना माझ्या धाकट्या मुलीनं शिकवलं. "दादाजान, तारा दबाओ," एवढीच शिकवणी. ते तारा दाबत राहिले. काय काय साठवलं हे मी कधी पाहिलं नाही. आपल्या वडिलांच्या खिशात कोण हात घालतं? डिसेंबर २०२३मध्ये ते गेले. त्यांचं खातं तसंच राहिलं. खोली आवरली, कपडे वाटले, चष्मा मी ठेवून घेतला. लॅपटॉपमधल्या खोलीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

आता माझा उद्योग. उबुंटू २२.०४मध्ये फायरफॉक्स स्नॅप या प्रकारात येतो. नेहमीच्या डेब प्रकारात प्रोग्रामचे भाग मी वर सांगितलं तसे जागोजागी वाटले जातात आणि इतर प्रोग्राममध्ये मिसळून जातात. स्नॅप तसा नाही. तो अख्खा संसार एका दाबून बंद केलेल्या पेटीत घेऊन येतो. ती पेटी न उघडता '/स्नॅप' नावाच्या फोल्डरावर नुसती जोडली जाते. आतलं वाचता येतं, बदलता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं यात अर्थ आहे. पेटीतला प्रोग्राम घरभर फिरू शकत नाही, टिंबवाल्या फोल्डरांत डोकावू शकत नाही. (एकदा मी डिस्कवर किती जागा उरली ते टर्मिनलवर पाहिलं आणि '/स्नॅप'च्या सगळ्या ओळींपुढं १०० टक्के भरलेलं दिसलं. घाबरून मी दोन सिनेमे पुसून टाकले. ती पेटीच तेवढी असते, म्हणून कायम भरलेली दिसते, हे नंतर कळलं. सिनेमे गेले ते गेलेच.)

गोम अशी की नेहमीच्या पद्धतीनं फायरफॉक्स मागवला तरी उबुंटू स्नॅपच देतं. '/यूएसआर/बिन'मध्ये फायरफॉक्स नावाची फाइल असते, पण ती उघडून वाचली तर आत छोटीशी चिठ्ठी निघते, तिचा सारांश असा की साहेब इथं राहत नाहीत, '/स्नॅप/बिन'कडे जा. यावरून लिनक्सवाल्यांत बरीच धुसफूस झाली. लिनक्स मिंटनं तर २०२०मध्येच आपल्या घरात स्नॅपला दार बंद केलं आणि २०२२च्या सुरुवातीला थेट मोझिलाशी करार करून त्यांच्याकडचाच फायरफॉक्स घ्यायला सुरुवात केली. मला या भांडणात रस नाही. माझ्या दहा वर्षं जुन्या हार्ड डिस्कवर पेटी जोडून पहिली खिडकी उघडायला वेळ लागायचा, एवढंच माझं दुखणं, आणि त्यात पेटीपेक्षा डिस्कचा दोष जास्त. पण जानेवारी २०२४मध्ये मोझिलानं स्वतःचा डेब फायरफॉक्स द्यायला सुरुवात केल्याचं मी वाचलं आणि हात शिवशिवायला लागले.

३० मेला, सुट्टीत, मी बसलो. मोझिलाची किल्ली आणली, पत्ता वहीत लिहिला, उबुंटूच्या चिठ्ठीपेक्षा मोझिलाच्या पॅकेजला मान जास्त द्यावा अशी एक फाइल '/ईटीसी'मध्ये ठेवली. हे न केल्यास ती चिठ्ठी पुन्हा येऊन बसते, कारण तिचा आवृत्ती क्रमांक मुद्दाम मोठा ठेवलेला आहे. मग 'स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स'. मग नवा फायरफॉक्स. मग माझे बुकमार्क परत आत. पंचेचाळीस मिनिटांत काम फत्ते, खिडकी झटकन उघडते, मी स्वतःवर खूश. संध्याकाळी शेजारच्या सरांना फोन करून सांगितलंसुद्धा.

जे मला माहीत नव्हतं ते असं. डेब फायरफॉक्स तेव्हा तुमचं सामान होममधल्या '.मोझिला' या फोल्डरात ठेवायचा. स्नॅप फायरफॉक्स ते ठेवतो होममधल्याच 'स्नॅप' फोल्डरात, त्यातल्या 'फायरफॉक्स'मध्ये, त्यातल्या 'कॉमन'मध्ये. डेब काढला तर '.मोझिला'ला कुणी हात लावत नाही, सामान धूळ खात पडून राहतं. स्नॅप काढला की त्याचं सामानही त्याच्याबरोबर उचललं जातं. आणि नुसतं काढणाऱ्याचं नाही. त्या संगणकावर जेवढी खाती आहेत, त्या सगळ्यांच्या होममधलं. आज्ञा मी माझ्या खात्यातून दिली, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून. त्या पासवर्डला भिंती नसतात. भाचीनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, एकमेकांचं काही उचकटू नका. मी ते नीट ऐकलं नव्हतं.

त्या रात्री आपा झोपल्यावर मी गच्चीवर जाऊन भाचीला फोन लावला. परीक्षेमुळे ती ईदला पुण्यातच थांबली होती. आधी ईद मुबारक, मग सगळं सांगितलं. पलीकडं शांतता. मग तिनं एकच विचारलं, "मामू, रिमूव्हच्या पुढं 'पर्ज' लिहिलं होतं?"

"नाही. नुसतं रिमूव्ह."

"नक्की?"

नक्की कसं सांगणार? मी खाली आलो, टर्मिनल उघडलं आणि वर जाणारा बाण दाबत दाबत मागच्या आज्ञा बघत गेलो. सापडली. 'पर्ज' नव्हतं.

"मग घाबरू नका. स्नॅप काढताना सिस्टिम त्याच्या सामानाचा एक गठ्ठा बांधून ठेवते. सगळ्या खात्यांचा. ३१ दिवस. किती दिवस झाले?"

मी बोटांवर मोजले. अठरा.

तिनं सांगितलं तसं 'स्नॅप सेव्ह्ड' असं लिहून एंटर मारलं. एक तक्ता आला. त्यात एकच ओळ. गठ्ठ्याचा क्रमांक, फायरफॉक्सचं नाव, वय अठरा दिवस आणि काही तास, आकार, आणि शेवटी 'ऑटो', म्हणजे कुणी मुद्दाम न सांगता बांधलेला. ती ओळ मी तिला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग स्नॅपचा फायरफॉक्स परत बसवायला सांगितला, बजावून, की तो उघडायचा नाही, आधी गठ्ठा सोडायचा. 'स्नॅप रिस्टोअर' आणि पुढं क्रमांक. मी प्रत्येक अक्षर बोलून लिहिलं. पहिलीच्या पोरासारखं.

पडद्यावर एक ओळ आली की परत ठेवलं. बस. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढीच पोचपावती.

माझ्या खात्यातून बाहेर पडलो, अब्बांच्या खात्यात शिरलो. मेन्यूत आता दोन फायरफॉक्स होते. पहिला दाबला तो नवा निघाला, तेच स्वागताचं पान. बंद केला. दुसरा दाबला. तो सवयीप्रमाणे वेळ घेत घेत उघडला. मी या वेळेबद्दल तक्रार करत होतो.

सगळं होतं. बुकमार्कची यादी इतकी लांब की खाली सरकवावी लागली. अवामी नस्तालिकमध्ये, उजवीकडून डावीकडे. मुशायरे नऊ-दहा. मालेगावचं हवामान. मोतीबिंदूनंतर घ्यायची काळजी. बोरूचं लाकूड कसं निवडावं. एकच पान चार-पाच वेळा साठवलेलं, कारण तारा एकदा दाबलेला लक्षात राहायचं नाही आणि पत्त्यात काहीतरी बदललेलं असायचं. आणि नूरी नस्तालिकवरचं, मिर्झा अहमद जमील यांच्यावरचं वाचन, एक नाही, सात पानं. ज्या माणसाच्या अक्षरांनी त्यांची रोजी गेली, त्याच्याबद्दल ते दुपारी बसून वाचत होते. आमच्यापैकी कुणालाही काही बोलले नाहीत. इतिहास उघडला तर शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्यातलं एक पान होतं.

सकाळी चहाबरोबर आपाला मुशायरा लावून दिला. "नेट आलं का?" तिनं विचारलं. मग मी तिला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, आवाज थोडा वाढव म्हणाली.

त्यानंतर मी अब्बांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवलं, एक प्रत भाचीकडे पाठवली. शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक संगणकावर फायरफॉक्स कुठला आहे आणि मुलांचं सामान कुठे पडतं हे एका वहीत लिहून ठेवलं. तिथं मिंट आहे, त्यामुळे काम सोपं होतं. हेडमास्तरांना त्या वहीचं प्रयोजन अजून कळलेलं नाही.

लॅपटॉपवर अजूनही दोन फायरफॉक्स आहेत. मेन्यूत शेजारी शेजारी दोन सारखेच कोल्हे. माझा '/यूएसआर/बिन'मधला, झटकन उघडणारा. अब्बांचा '/स्नॅप/बिन'मधला. भाची म्हणते, मामू, नानांची प्रोफाइल उचलून '.मोझिला'त ठेवू या, मग एकच पुरेल, डिस्कवर जागाही होईल. बरोबर आहे तिचं. पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीच्या सुट्टीत करू म्हटलं होतं, मग उन्हाळ्याच्या म्हटलं. अजून केलेलं नाही.